मधुमेहाचा हिशेब ठेवणारे डॉक्टर

मधुमेही रुग्ण किती वर्षे जगला, त्याला पुढे काय त्रास झाले आणि तो कशाने दगावला, याची नोंद सव्वाशे वर्षांपूर्वी फारसे कोणी ठेवत नसे. डॉ. इलियट जोसलिन यांनी ती आयुष्यभर ठेवली. ६ जून १८६९ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑक्सफर्ड या गावी त्यांचा जन्म झाला. हार्वर्डमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेत असताना, १८९३ मध्ये, त्यांनी एका मधुमेही तरुणीची माहिती वहीत टिपून घेतली. पुढे या नोंदवह्यांची संख्या सुमारे ८० पर्यंत पोहोचली.

१८९८ मध्ये त्यांनी बोस्टनमध्ये दवाखाना सुरू केला. पुढे त्यांच्या आईलाच मधुमेह झाल्याचे निदान झाले. तेव्हा इन्सुलिन नव्हते. दहा वर्षांच्या मुलाला हा आजार जडला, तर ते साधारण वर्षभर जगे. पथ्य हाच एक उपाय होता आणि तोही कठोर. लघवीतील साखर नाहीशी होईपर्यंत रुग्णाला जवळपास उपाशी ठेवले जाई. मुलांची हाडे दिसू लागत, पण आयुष्य थोडे वाढे. जोसलिन यांच्या आई काटेकोर पथ्य पाळून दहा वर्षांहून अधिक काळ जगल्या.

स्वतःच्या एक हजार रुग्णांच्या अनुभवावर आधारलेला मधुमेहावरील ग्रंथ त्यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केला. दोनच वर्षांनी त्यांनी थेट रुग्णांसाठी पुस्तक लिहिले. ज्याला हा आजार रोज सांभाळायचा आहे, त्याला तो डॉक्टरइतकाच कळला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. १९२१ मधील एका लेखात त्यांनी एका शांत गावातील शेजारशेजारच्या तीन घरांची हकीकत सांगितली. तिथे राहून गेलेल्या सात कुटुंबप्रमुखांपैकी सहा जण मधुमेहाने गेले होते. हेच मृत्यू विषमज्वराने झाले असते तर आरोग्य खाते धावून आले असते, मधुमेहाची मात्र कोणी दखल घेतली नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

त्याच वर्षी टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला. ऑगस्ट १९२२ मध्ये जोसलिन यांनी ते आपल्या रुग्णांना देण्यास सुरुवात केली. मरणाच्या दारातील मुले पुन्हा खेळू लागली. १९४५ पर्यंत दहा वर्षांच्या मधुमेही मुलाचे अपेक्षित आयुष्य आणखी ४५ वर्षांवर पोहोचले.

प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले. वह्या मात्र वेगळेच सांगत होत्या. रुग्ण आता बेशुद्धीत जाऊन मरत नव्हते, पण पंधरा-वीस वर्षांनी कुणाची दृष्टी जात होती, कुणाची मूत्रपिंडे निकामी होत होती, कुणाचा पाय कापावा लागत होता. साखर शक्य तितकी सामान्य पातळीजवळ ठेवली तर हे टळेल, असे जोसलिन यांचे मत होते. आहार, इन्सुलिन आणि व्यायाम हे एकाच रथाचे तीन घोडे आहेत, असे ते रुग्णांना शिकवत. घरच्या घरी लघवी तपासणे आणि पायांची निगा राखणे शिकवण्यासाठी त्यांनी परिचारिका तयार केल्या.

हे मत सर्वांना मान्य नव्हते. रुग्णाला त्रास होत नसेल, वजन टिकून असेल तर एवढी बंधने कशाला, असे काही डॉक्टर विचारत. इन्सुलिन जास्त झाले तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका होताच. शिवाय नेमाने पथ्य पाळूनही ज्याची दृष्टी गेली, त्याला आपलेच काही चुकले असे वाटे. वह्यांतील आकडे जोसलिन यांच्या बाजूचे होते, पण तेवढ्याने सिद्धता होत नव्हती. पथ्य पाळणारे रुग्ण मुळातच वेगळे असू शकत होते. २८ जानेवारी १९६२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी जोसलिन यांचे निधन झाले, तेव्हाही हा वाद मिटलेला नव्हता.

उत्तर मिळाले ते १९९३ मध्ये. अमेरिका व कॅनडातील पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करून सरासरी साडेसहा वर्षे पाहणी झाली. आधी डोळे निरोगी असलेल्यांपैकी ज्यांनी साखर काटेकोर ठेवली, त्यांच्यात दृष्टिपटलाचा विकार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी आढळला. मूत्रपिंड आणि नसांचे विकारही घटले. मात्र साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. म्हणजे जोसलिन यांचे म्हणणे खरे ठरले आणि विरोधकांची काळजीही. म्हणूनच आज प्रत्येक रुग्णाचे वय आणि प्रकृती पाहून साखरेचे उद्दिष्ट ठरवले जाते. डोळे, मूत्रपिंडे आणि पाय दरवर्षी तपासून घेण्याचा सल्लाही दिला जातो, रुग्णाला त्रास जाणवत नसला तरी.