तुकडोजी महाराज : पोथी, तर्क आणि देव

ईश्वरावरील श्रद्धा धर्मग्रंथाच्या आधारे ठेवावी की तत्त्वचिंतनाच्या, हा वाद पंडितसभेतला समजला जातो. परंतु ज्यांचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांतच थांबले, अशा एका पुरुषाने तो चिमूरच्या अरण्यात नेला आणि तेथून खेड्याच्या चावडीवर आणून ठेवला.

माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे, दरिद्री कुटुंबात झाला. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांना तुकड्या हे नाव दिले. गुरूंच्या निधनानंतर कोवळ्या वयातच त्यांनी घर सोडले. रामटेक, सालबर्डी व त्याहीपेक्षा चंद्रपूर जिल्ह्यातील रामदिघी आणि गोंदेडा हा परिसर त्यांची साधनाभूमी ठरला. साग-बांबूच्या या मुलखात पोथ्या दुर्मीळ. येथील गोंडांच्या पेन दैवतांना ना भाष्यकार ना टीकाकार. त्यांची सारी परंपरा मौखिक, आणि तरीही त्यांच्या श्रद्धेला कधी उणेपणा आला नाही. ग्रंथावाचून श्रद्धा उभी राहू शकते, याचा हा पुरावा तेथे डोळ्यांसमोरच होता.

त्याच अमरावती जिल्ह्यात त्यांच्याआधी एक पिढी संत गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) होऊन गेले. बालपणीच दृष्टी गेलेल्या या विद्वानाने शंभराहून अधिक ग्रंथ रचले. पण तर्काची सारी झेप श्रुतीच्या चौकटीतच राहावी, असा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह सहज हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शास्त्राचा आधार सुटला की प्रत्येकाची लहर हाच धर्म होतो, ही त्यामागील भीती खरीच आहे.

तुकडोजींनी मात्र अस्पृश्यता, पशुबळी, नवससायास यांवर खंजिरीच्या तालात प्रहार केले. अशा प्रथांच्या समर्थनार्थ पोथीतील वचने पुढे केली जात असल्याने ग्रंथालाही कसोटी लावणे त्यांना भाग पडले. तर्कशास्त्र त्यांच्यापाशी नव्हते, म्हणून ती कसोटी आचरणाची झाली: ज्या वचनाने माणूस माणसापासून तुटतो, ते देवाचे नव्हे. सामुदायिक प्रार्थनेत त्यांनी मूर्तीऐवजी रिकामे आसन ठेवले, ते याच विचाराने. सर्व पंथांना तेथे बसता यावे आणि कोणाच्याही ग्रंथाला मालकी सांगता येऊ नये!

या श्रद्धेला किंमतही मोजावी लागली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर पेटले. महाराजांच्या भजनांनी तेथील तरुण चेतले होते, हे सरकार जाणून होते. त्याच महिन्यात त्यांना अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात डिसेंबरपर्यंत ठेवण्यात आले. पुढे ४१ अध्यायांच्या ग्रामगीतेत देवदर्शनापासून आरंभ करून ते थेट ग्रामशुद्धी व ग्रामआरोग्यापर्यंत आले.

कठोर तत्त्वज्ञ येथे अडवील, आणि अडवावेच. गावाची सेवा हीच पूजा असेल, तर मध्ये देवाची गरज काय? तुकडोजींनी ईश्वराचे अस्तित्व सिद्ध केले नाही. ते गृहीत धरले. शास्त्र्याला हा उच्छृंखलपणा वाटेल, नास्तिकाला पळवाट. पण तासन्‌तास भजनाला बसणाऱ्या शेतमजुराला ना शास्त्र्याची पोथी उघडता येत होती, ना नास्तिकाचा युक्तिवाद उमगत होता. त्याला विचार करण्याची सवय लावणे, हेच त्या काळी मोठे धाडस होते.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीच्या गुरुकुंजात त्यांचे निधन झाले. पुढे नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालये २०११ पर्यंत त्याच विद्यापीठात होती. ग्रामगीतेची मात्र आता गावोगावी पारायणे होतात. ज्या पुस्तकाने पोथीला कसोटी लावायला शिकवले, तेच पुस्तक पोथी होऊन वस्त्रात गुंडाळले जाते, आणि क्वचित ग्रामशुद्धीचा अध्याय संपला तरी मंडपामागची पत्रावळींची रास दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच पडून असते.