वाटसरूंचे गाडगेबाबा

आज अमरावतीहून पंढरपूरला जावयाचे असले तर मोटारीने एका दिवसात पोचता येते. पिण्याचे पाणी, शिदोरीचा डबा व पांघरुणे गाडीत नीट रचून ठेवली, वाटेत कोठे थांबावयाचे हे आधी ठरविले, की पाचशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा तो पल्ला फारसा जाणवत नाही. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वऱ्हाडातील गरीब शेतकरी हा प्रवास बहुधा पायीच करीत असे. कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी निघाली, की तिच्यामागून तो महिनाभर चाले. रोजची रात्र नव्या गावी आणि रोजचे प्रश्न मात्र तेच. पाठ कोठे टेकावी? चूल कोठे मांडावी? पिण्याजोगे पाणी कोठे मिळेल? पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यात कित्येक विहिरींचे पाणी तोंडात धरवत नसे. यात्रेच्या ठिकाणी हजारो माणसे उघड्यावर राहत, तेथेच घाण होई, तीच पाण्यात मिसळे आणि पटकीची साथ उद्भवे. देवाच्या भेटीस गेलेली कित्येक माणसे परत घरी येतच नसत.

वाटसरूंचे हे हाल ज्याने आपले मानले, त्या पुरुषाला स्वतःचे घर नव्हते. तो अक्षरशत्रू होता. त्याच्या अंगावर चिंध्या होत्या, हातात खराटा होता आणि डोक्यावर मातीचे फुटके गाडगे होते. त्या गाडग्यावरूनच लोक त्याला गाडगेबाबा म्हणू लागले.

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका गरीब परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी अकाली वारले. तेव्हा आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन आपल्या भावाकडे, अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या गावी, आली. तेथे डेबूजी मामांची गुरे राखू लागला. थोडा मोठा झाल्यावर तो शेतात राबू लागला. नांगरणी असो, पेरणी असो वा कापणी असो, त्याचा हात कोणत्याच कामात मागे नसे. पुढे कुंताबाईंशी त्याचे लग्न झाले व मुलेबाळेही झाली.

परंतु मामांच्या घरावर एक मोठे संकट कोसळले. सावकाराच्या हिशेबातील लबाडी निरक्षर मामांच्या ध्यानात आली नाही आणि पिकती जमीन त्यांच्या हातून गेली. एका कागदावरील चार ओळी वाचता न आल्यामुळे अवघ्या कुटुंबाचे श्रम कसे मातीमोल होतात, हे डेबूजींनी डोळ्यांनी पाहिले. व्यसन, कर्ज व अज्ञान यांनी गरिबाचे घर कसे पोखरले जाते, हे त्यांना कोणत्याही ग्रंथावाचून कळले होते. १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले.

त्यानंतरची बारा वर्षे ते सतत फिरत होते. त्यांचे प्रवासाचे सामान किती थोडे होते! ऊन लागले की गाडगे डोक्यावर पालथे घालावे, तहान लागली की त्यातच पाणी घ्यावे आणि कोणी कोरभर भाकरी वाढली तर तीही त्यातच खावी. टोपी, तांब्या व ताट ही तिन्ही कामे ते एकच गाडगे करी. झाडाखाली, देवळाच्या पायरीवर, कधी स्मशानातही त्यांची रात्र जाई. अनोळखी फाटका माणूस पाहून लोक त्यांना हाकलून लावीत. उपाशी चालणे म्हणजे काय आणि दाराबाहेर भिजत उभे राहणे म्हणजे काय, हे ते स्वतः अनुभवीत होते. पुढे त्यांनी वाटसरूंसाठी जे केले, त्याचे मूळ या बारा वर्षांत आहे.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. तेथे पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. लांबलांबच्या गावांहून बैलगाड्या जोडून माणसे स्नानास येत. परंतु काठची काळी चिकण माती ओली झाली की पाय ठरत नसे. म्हातारी माणसे घसरून पडत, कडेवर मूल असलेल्या बायांची तारांबळ उडे. वर्षानुवर्षे लोक पडत होते, उठत होते आणि दैवाला बोल लावीत होते. गाडगेबाबांनी दैवाला बोल लावला नाही. त्यांनी उतार खणावयास व वाट नीट करावयास सुरुवात केली. त्यांचे पाहून इतरही पुढे आले. १९०८ साली तेथे नदीवर घाट बांधला गेला. पुढे त्याच ठिकाणी भुकेल्यांसाठी सदावर्तही सुरू झाले. घरच्या माणसांची व त्यांची पुन्हा गाठ पडली, तीही या ऋणमोचनाच्या यात्रेत. परंतु बाबा संसारात परतले नाहीत.

त्यांच्या कामाची रीत ठरलेली होती. गावात शिरताच ते खराटा घेऊन रस्ते झाडू लागत. दिवसभर गाव स्वच्छ करावा आणि रात्री कीर्तनास उभे राहावे. त्यांचे कीर्तन वऱ्हाडी बोलीत असे. ते श्रोत्यांना साधे साधे प्रश्न विचारीत व उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून सण करू नयेत, दारूला शिवू नये, देवापुढे मुके जनावर मारू नये, शिवाशीव पाळू नये आणि पोटाला चिमटा घेऊनही मुलांना शाळेत पाठवावे, हे त्यांचे सांगणे असे. लोक प्रेमाने पैसे देऊ करीत. ते पैसे बाबांनी स्वतःकडे ठेवले नाहीत. त्यांतून घाट, सदावर्ते, शाळा, गोरक्षणे व धर्मशाळा उभ्या राहिल्या.

पंढरपूरच्या वारीस बाबा नेमाने जात. परंतु दर्शनासाठी देवळात जाण्यापेक्षा वाळवंट झाडण्यातच ते रमत. तेथे त्यांना एक गोष्ट फार खटके. ज्या चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वारापाशी आहे, त्यांच्याच जातीच्या वारकऱ्यांना पंढरपुरात कोणी आसरा देत नसे. शेकडो मैल चालून आलेल्या त्या माणसांना पावसात उघड्यावर निजावे लागे. विठ्ठलाचे देऊळ त्यांना १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर, खुले झाले. त्याच्या कितीतरी आधी, १९१७ च्या सुमारास, गाडगेबाबांनी या वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले. देऊळ उघडणे त्यांच्या हातात नव्हते. परंतु डोक्यावर छप्पर देणे त्यांच्या हातात होते व ते त्यांनी दिले. १९४९ साली हीच धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. विद्यार्थ्यांना तिचा उपयोग व्हावा, हा त्यामागील हेतू होता.

पुढे नाशिक, आळंदी, देहू अशा अनेक ठिकाणी त्यांच्या प्रयत्नाने धर्मशाळा झाल्या. वऱ्हाडात मूर्तिजापूर येथे १९२५ साली गोरक्षणाचे काम झाले व तेथे धर्मशाळा आणि विद्यालयही उभे राहिले. मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरील स्थानक आहे. अचलपूर व यवतमाळकडे जाणारे अरुंद रुळांचे फाटे एके काळी तेथूनच फुटत. अशा जागी गाडीची वाट पाहत थांबलेल्या गरिबाला आसऱ्याची किती निकड असते, ते सांगावयास नको.

धर्मशाळा म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. थकलेल्या माणसाला तेथे पडावयास कोरडी जागा हवी, पाणी हवे, भाकरी थापावयास चूल हवी, शौचाची वेगळी सोय हवी आणि सामान ठेवून निर्धास्त झोपता आले पाहिजे. यांतील एक गोष्ट चुकली तरी बाकीच्या व्यर्थ जातात. आणि या सर्वांहून महत्त्वाची ती स्वच्छता. आदल्या रात्रीचा पाहुणा जागा घाण करून गेला, तर दुसऱ्या रात्रीच्या पाहुण्याला ती असून नसल्यासारखीच. म्हणूनच एवढ्या इमारती उभारल्यावरही बाबांनी हातातला खराटा खाली ठेवला नाही.

सर्वांत कठीण प्रवास आजारी माणसाचा असतो. खेड्यातून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात रोगी येई. त्याला खाट मिळे, परंतु बरोबर आलेल्या आईबापांनी कोठे राहावे? ती माणसे रस्त्याच्या कडेला दिवस काढीत. यांच्यासाठी १९५४ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली. आजही मुंबईत दादर येथे बाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी दूरदूरहून आलेले रोगी व त्यांचे आप्त तेथे उतरतात.

हजारो लोकांना निवारा देणाऱ्या बाबांनी त्यांतील एकही खोली आपली म्हटली नाही. ते स्वतः झोपडीत वा उघड्यावर राहत. घरच्या माणसांनाही त्यांनी या वास्तूंवर हक्क सांगू दिला नाही. लोकांच्या पैशाने बांधलेले घर लोकांचेच, हा त्यांचा कडक नियम होता. कारभार नीट चालावा म्हणून त्यांनी विश्वस्त नेमले व १९५२ साली गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली.

उतारवयात बाबा मोटारीतून फिरत, परंतु त्यांची विश्रांती वाढली नाही. मोटारीमुळे त्यांची कीर्तने मात्र अधिक गावी होऊ लागली. १९५६ च्या अखेरीस त्यांची प्रकृती फारच ढासळली. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांना मोटारीने अमरावतीस नेत असता वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, त्यांनी देह ठेवला. ज्याने आयुष्यभर वाटसरूंची चिंता वाहिली, त्याचा अखेरचा श्वासही वाटेवरच गेला. अमरावतीस ज्या ठिकाणी त्यांची समाधी आहे, तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्रात २००० साली सुरू झालेले ग्रामस्वच्छता अभियानही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. जो कधी शाळेत गेला नाही, त्याच्या नावाचे विद्यापीठ व्हावे, यात त्याच्या शिकवणुकीचा मोठाच गौरव आहे.

मुलांनो, आता रस्ते रुंद झाले आहेत व गाड्या वेगाने धावतात. तरीही वाटेत सावली, पाणी व स्वच्छ जागा लागतेच. प्रवासाला निघताना आपण आपले सामान नीट बांधतो, आपली सोय पाहतो, ते योग्यच आहे. परंतु जेथे आपण शिदोरी सोडू, तेथे आपल्यामागून दुसरा कोणी येणार आहे. त्याच्यासाठी ती जागा झाडून ठेवणे, पाण्याचा नळ बंद करणे, उष्टे-खरकटे गोळा करणे, एवढे तर आपल्या हातून सहज होईल. गाडगेबाबांनी ऋणमोचनाच्या काठी जे काम हाती घेतले, ते याच जातीचे होते.