काचेच्या पेटीतील बाग

लंडनमधील एका डॉक्टरांच्या घरी १७९१ साली एक मुलगा जन्मला. त्याचे नाव नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड. लहानपणी त्याला खलाशी व्हायचे होते. तेरा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला जहाजावरून दूरच्या जमैका बेटावर पाठवले. त्या प्रवासात खलाशी होण्याची हौस फिटली. पण जमैकातील उंच ताडमाड आणि नेच्याची दाट हिरवळ तो कधी विसरला नाही.

नेचे तुम्हीही पाहिले असेल. पावसाळ्यात विहिरीच्या कठड्यावर किंवा ओल्या भिंतीच्या फटीत कातरलेल्या पानांची एक वनस्पती उगवते. तिला फूल येत नाही, फळही येत नाही. तेच नेचे.

मोठेपणी वॉर्डही वडिलांसारखे डॉक्टर झाले. लंडनच्या पूर्व भागात, बंदराजवळच्या वेलक्लोज स्क्वेअर या वस्तीत ते रोग्यांना तपासत. ती वस्ती गरिबांची होती. घरे दाटीवाटीने उभी होती. घराघरांत आणि कारखान्यांत दगडी कोळसा जळत असे. धुराने भिंती, कपडे, झाडांची पाने, सारे काळे होई. डॉक्टरांचा छंद मात्र सुटला नाही. ते पहाटे उठून शहराबाहेर जात, रोपे गोळा करत आणि दवाखान्याच्या वेळेपर्यंत परत येत. त्यांनी आपल्या अंगणात दगड रचले, त्यांवर नळाचे पाणी थेंब थेंब पडेल अशी सोय केली आणि तेथे नेचे व मॉस लावले. काही दिवसांत ती रोपे मेली. पुन्हा लावली, पुन्हा मेली. शेवटी त्यांनी तो नाद सोडून दिला.

१८२९ साली एक गंमत झाली. डॉक्टरांना एका पतंगाचा कोश मिळाला होता. पतंग कसा बाहेर येतो हे त्यांना पाहायचे होते. त्यांनी रुंद तोंडाच्या एका काचेच्या बाटलीत कुजलेल्या पाल्याची ओलसर माती भरली, तीत कोश पुरला आणि बाटलीला झाकण लावले. ते रोज बाटलीकडे पाहत. दिवसा हवा तापली की मातीतील पाण्याची वाफ होई. ती काचेला लागून थंड होई, तिचे थेंब बनत आणि पुन्हा मातीत पडत. त्यामुळे माती नेहमी सारखीच ओली राही. काही दिवसांनी त्या मातीतून दोन कोंब वर आले. एक गवताचा होता आणि दुसरा नेच्याचा! अंगणात इतकी काळजी घेऊनही जे जगले नाही, ते बाटलीत आपोआप उगवले होते.

पतंगाचा विषय तेथेच राहिला. डॉक्टरांनी बाटली उत्तरेकडच्या खिडकीबाहेर ठेवली. तेथे उजेड असे, पण कडक ऊन नसे. जवळजवळ चार वर्षे ती रोपे जगली. त्या काळात त्यांना पाण्याचा एक थेंबही घालावा लागला नाही. पुढे डॉक्टर परगावी गेले असताना झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि रोपे कुजली. पण तोपर्यंत कारण उमगले होते. बाहेरचा धूर आत जात नव्हता आणि आतली ओल बाहेर जात नव्हती.

स्कॉटलंडमध्ये मॅकोनोकी नावाच्या गृहस्थांनी थोडे आधी असाच प्रयोग केला होता. पण त्यांनी तो छापून प्रसिद्ध केला नाही, म्हणून या पेटीला नाव वॉर्ड यांचेच मिळाले.

त्या काळी दूर देशांतून रोपे आणणे फार कठीण होते. जहाजाचा प्रवास काही महिने चाले. समुद्राचे खारे पाणी रोपांवर उडे आणि पिण्याचे गोडे पाणी खलाशांनाच पुरत नसे. बहुतेक रोपे वाटेतच मरत. १८३३ साली डॉक्टरांनी लाकूड आणि काच यांच्या दोन घट्ट पेट्या करून घेतल्या, त्यांत नेचे व गवत लावले आणि जहाजावर ठेवून ऑस्ट्रेलियाला पाठवल्या. रोपे सुखरूप पोहोचली. परतीच्या प्रवासात तिकडची रोपे त्याच पेट्यांत ठेवली. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला डेकवर बर्फ साचले. विषुववृत्ताजवळ अंग भाजणारा उकाडा झाला. आठ महिन्यांनी, १८३४ च्या अखेरीस, जहाज इंग्लंडला पोहोचले. त्या रोपांना वाटेत कोणी पाणी घातले नव्हते. तरी ती टवटवीत होती.

ही बातमी पसरली. रोपांचे व्यापारी, सरकारी बागा, सगळेच अशा पेट्या वापरू लागले. १८४८ नंतर रॉबर्ट फॉर्च्यून यांनी ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची हजारो रोपे याच पेट्यांतून हिंदुस्थानात आणली आणि ती हिमालयाच्या उतारावर लावली गेली. आसामात चहाची झाडे मुळातच होती. पण चिनी चहा आला तो असा, चीनच्या लोकांना न विचारता. सिंकोनाच्या झाडाच्या सालीपासून हिवतापाचे औषध होते. १८६० च्या सुमारास त्याचीही रोपे दक्षिण अमेरिकेतून निलगिरी पर्वतावर आली. पेट्यांतील मातीबरोबर कीड आणि रोगही एका देशातून दुसऱ्या देशात गेले. हे डॉक्टरांच्या ध्यानीमनीही नसावे.

त्यांना स्वतःला वेगळीच ओढ होती. अंधाऱ्या खोलीत राहणाऱ्या आपल्या गरीब रोग्यांच्या खिडकीत थोडी हिरवळ यावी, असे त्यांना वाटे. १८४२ साली त्यांनी या पेट्यांवर पुस्तक लिहिले आणि सारी रीत सर्वांपुढे मांडली. पण काच तेव्हा महाग होती, कारण तिच्यावर सरकारी कर होता. १८४५ साली तो कर उठला आणि पेट्या घरोघर दिसू लागल्या. खरे सांगायचे तर आधी त्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतच गेल्या.

अशा बागेला आज टेरॅरियम म्हणतात. ती करणे सोपे आहे. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्यावी. तळाशी बारीक खडी, तिच्यावर लाकडी कोळशाचा थोडा चुरा आणि त्यावर माती घालावी. नेचे, मॉस अशी सावलीत वाढणारी लहान रोपे निवडावीत. निवडुंग किंवा कोरफड लावू नये. कोंडलेल्या ओलीने ती सडतात. पाणी एकदाच आणि बेताने शिंपडावे. बरणी उजेडात ठेवावी, उन्हात नाही; काचेत उष्णता कोंडून पाने करपतात. सकाळी काचेवर थोडे धुके दिसले तर ठीक. दिवसभर पाणी ओघळत राहिले, तर काही तास झाकण काढून ठेवावे. पिवळे पान लगेच उचलावे, नाहीतर बुरशी धरते. पुष्कळ लोक रोज पाणी घालतात आणि तेथेच बाग बिघडते.

१८५१ साली लंडनमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तेथे डॉक्टरांनी एक बंद बाटली मांडली होती. तिच्यातील रोपांना अठरा वर्षांत पाणी घातलेले नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांना रॉयल सोसायटी या विद्वानांच्या संस्थेचे सभासद करून घेण्यात आले. उतारवयात ते धुराची वस्ती सोडून क्लॅपम येथे राहायला गेले. तेथे त्यांनी नेच्याची मोठी बाग केली.

१८६८ साली डॉक्टर वॉर्ड वारले. दक्षिण आफ्रिकेतील ओढ्यांत, दगडांवर एक मॉस वाढते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला ‘वॉर्डिया’ हे नाव दिले आहे.