एव्हारिस्त गाल्वा : वीस वर्षांचा गणिती

गणित हा माझा विषय नव्हे. पण १८३०च्या फ्रेंच क्रांतीविषयी वाचताना एव्हारिस्त गाल्वा हे नाव भेटले आणि ते मनातून जाईना. त्याचे सारे आयुष्य अवघे वीस वर्षे सात महिन्यांचे.

पॅरिसजवळच्या बूर-ला-रेन या गावी २५ ऑक्टोबर १८११ रोजी तो जन्मला. वडील गावचे महापौर होते. शाळेत लजांद्र याच्या भूमितीने त्याला वेड लावले. एकोल पॉलिटेक्निकच्या प्रवेशपरीक्षेत मात्र तो दोनदा, १८२८ व १८२९ साली, नापास झाला. दुसऱ्या परीक्षेच्या थोडेच आधी, गावातील राजकीय द्वेषाला कंटाळून वडिलांनी आत्महत्या केली होती.

त्याचा प्रश्न साधा होता. वर्गसमीकरण सोडवण्याचे सूत्र आपण शाळेत शिकतो. पंचघाती समीकरणासाठी तसे सर्वसाधारण सूत्र असू शकत नाही, हे आबेलने १८२४ साली दाखवले होते. मग कोणते समीकरण सुटते आणि कोणते सुटत नाही, हे ओळखायचे कसे? गाल्वाने उत्तरांची अदलाबदल करून पाहिली. उणे एकला दोन वर्गमुळे आहेत. सर्व संमिश्र संख्यांत त्यांची जागा बदलली, तरी बेरीज-गुणाकाराचे नियम जसेच्या तसे राहतात. अशा अदलाबदलींच्या गटाची रचना पाहिली की समीकरण सुटेल की नाही ते कळते, हा त्याचा शोध.

अकादमीकडे पाठवलेल्या त्याच्या लेखांच्या वाट्याला काय आले? १८३० सालचा लेख फूरियेकडे होता. फूरिये वारला आणि लेख हरवला. १८३१ सालचा लेख पुरेसा स्पष्ट नाही म्हणून प्वासाँने नाकारला. दरम्यान, संचालकांवर वर्तमानपत्रातून टीका केल्यामुळे गाल्वाला महाविद्यालयातून काढले होते. प्रजासत्ताकवादी चळवळीपायी तुरुंगवासही घडला. ३० मे १८३२ रोजी तो द्वंद्वयुद्धात जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला.

सगळा सिद्धांत त्याने आदल्या रात्री लिहिला, ही दंतकथाच. त्या रात्री त्याने मित्र ऑग्युस्त शवालियेला आपल्या कामाचा सारांश कळवला आणि गाउस किंवा याकोबी यांचे मत घेण्याची विनंती केली. शवालिये आणि धाकटा भाऊ आल्फ्रेद यांनी कागदांच्या नकला केल्या. अखेर लियूव्हिलने ते लेखन चिकाटीने समजून घेतले व १८४६ साली छापले.

त्या बीजाचा वृक्ष अजून वाढतो आहे. समीकरणांनी ठरणाऱ्या आकृतीच्या सहगुणकांवर संमिश्र संख्यांची अशी अदलाबदल केली, तर आकृतीची घडणही बदलू शकते, हे सेरने १९६४ साली दाखवले. पण ‘अंकगणितीय’ म्हणवणाऱ्या खास आकृती बदलल्यानंतरही अंकगणितीयच राहतात, असे काझदानने सिद्ध केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एम. एस. रघुनाथन यांनीही माधव नोरी यांच्यासह याच प्रमेयावर काम केले.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझी वही वाचून कुठे अडते ते सांगणारे घरी कोणी नाही. म्हणून मला गाल्वाइतकाच लियूव्हिल मोठा वाटतो. नाकारलेला कागद पुन्हा उघडून बसणारा एक वाचक मिळाला नसता, तर गाल्वाची प्रतिभा त्याच्याबरोबरच मातीत गेली असती. आपल्या वर्गातही असे कागद असतील. ते वाचणारे आपण व्हायला हवे.