स्वयंपाकघरात धडधडलेले इंजिन

१८९३ सालची नाताळची पूर्वसंध्या. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात, बॅगली अव्हेन्यूवरील ५८ क्रमांकाच्या भाड्याच्या घरात सणाच्या जेवणाची तयारी चालू होती. आतल्या खोलीत जेमतेम सात आठवड्यांचे बाळ झोपले होते. एवढ्यात घरधनी हातात एक लाकडी फळी घेऊन स्वयंपाकघरात शिरले. फळीवर ओबडधोबड लोखंडी यंत्र बसवलेले होते. ती फळी त्यांनी सिंकच्या कडेला घट्ट आवळली आणि पत्नीला मदतीला बोलावले. हे गृहस्थ होते हेन्री फोर्ड. पुढे साऱ्या जगाला मोटारीत बसवणाऱ्या या माणसाच्या यशाची सुरुवात या सिंकपाशी झाली.

फोर्ड यांचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी डिअरबॉर्नजवळच्या शेतकरी कुटुंबात झाला. मुलाने शेती सांभाळावी, ही वडिलांची इच्छा. पण हेन्रीचे मन रमे ते घड्याळे उघडून पुन्हा जुळवण्यात. १८७६ मध्ये आईचे निधन झाले. त्याच वर्षी रस्त्यावरून स्वतःच्या बळाने चालणारे वाफेचे यंत्र त्याने पाहिले आणि त्या दृश्याने त्याला कायमचे झपाटले. वयाच्या सोळाव्या वर्षी त्याने डेट्रॉइट गाठले आणि तेथील कारखान्यांत उमेदवारी केली.

वाफेच्या यंत्राला बॉयलर हवा, कोळसा हवा, पाणी हवे. एवढे ओझे वाहणारे वाहन हलके कसे होणार? याचे उत्तर जर्मनीतील निकोलाउस ऑटो यांच्या १८७६ च्या इंजिनात होते. इंधन आणि हवेचे मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, पेटवणे आणि जळलेला वायू बाहेर टाकणे, असे त्याचे चार टप्पे. १८८५ मध्ये डेट्रॉइटच्या एका कारखान्यात ऑटोचे इंजिन दुरुस्त करण्याची संधी फोर्ड यांना मिळाली. दोन वर्षांनी त्यांनी त्याच तत्त्वावर एक इंच व्यासाचे आणि तीन इंच धावेचे छोटे इंजिन बनवल्याचे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. शक्ती बेताचीच होती. पण तत्त्व हाताला कळले होते.

१८८८ मध्ये क्लारा ब्रायंट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शेतावर नवे घर उभे राहिले, संसार मार्गी लागला. मात्र १८९१ मध्ये फोर्ड यांनी शहरातील एडिसन इल्युमिनेटिंग कंपनीत महिना ४५ डॉलर पगाराची नोकरी धरली; इंजिनासाठी विजेचे ज्ञान त्यांना हवे होते. हौसेने सजवलेले घर सोडणे क्लारा यांना जड गेले. तरीही त्यांनी पतीचा हात सोडला नाही.

नोकरी सांभाळून फोर्ड घरामागच्या विटांच्या शेडमध्ये रात्री काम करीत. नवे साहित्य आणायला पैसे नव्हते, म्हणून भंगारातले जे मिळेल ते घेतले. गॅसच्या नळाचा तुकडा आतून तासून त्याचे सिलिंडर केले. त्यात बसणारा पिस्टन हाताने घडवला. जुन्या लेथचे चाक फ्लायव्हील म्हणून लावले. चार टप्प्यांच्या इंजिनात चाकाच्या दोन फेऱ्यांमागे ठिणगी एकदाच पडायला हवी. त्यासाठी दातेरी चाकांची जोडी बसवली. कार्ब्युरेटर नव्हताच. ठिणगीसाठी वीज मिळावी म्हणून घरातल्या दिव्याची वायर जोडली.

क्लारा यांच्या वाट्याला आलेले काम नाजूक होते. तोंडाशी पेट्रोल थेंब थेंब सोडायचे. कमी पडले तर इंजिन बंद, जास्त झाले तर भडका. फोर्ड यांनी चाक फिरवले. इंजिन खोकले आणि थांबले. थोडी जुळवाजुळव करून त्यांनी पुन्हा चाक फिरवले. या वेळी मात्र ते धडधडत सुरू झाले. नळीतून ज्वाळा बाहेर पडल्या, सिंक हादरू लागले. अल्पकाळ चालवून फोर्ड यांनी इंजिन बंद केले. जे पाहायचे होते ते त्यांनी पाहिले होते.

पुढची अडीच वर्षे त्याच शेडमध्ये गेली. ४ जून १८९६ च्या पहाटे सायकलच्या चाकांची, दोन सिलिंडरची गाडी तयार झाली. पण शेडचे दार तिच्यापेक्षा अरुंद निघाले! कुऱ्हाडीने भिंत फोडून गाडी रस्त्यावर आली. ही गाडी फोर्ड यांनी २०० डॉलरना विकली आणि पुढे ६५ डॉलरना परत विकत घेतली.

त्यांचे पहिले दोन उद्योग फसले. १९०३ मध्ये फोर्ड मोटर कंपनी स्थापन झाली, १९०८ मध्ये ‘मॉडेल टी’ आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या तयार झाल्या. १९१४ मध्ये त्यांनी कामगारांना दिवसाला ५ डॉलर देऊ केले. पण याच माणसाच्या वृत्तपत्राने ज्यूंविरुद्ध विखारी लेखमाला चालवली. १९२७ मध्ये त्यांना जाहीर माफी मागावी लागली. महाराष्ट्राशीही त्यांचा एक धागा जुळला. सेवाग्रामी राहणाऱ्या गांधीजींना त्यांनी १९४१ मध्ये पत्र लिहिले आणि गांधीजींनी त्यांना आपल्या स्वाक्षरीचा चरखा पाठवला.

त्या रात्री शेजारच्या खोलीत झोपलेले बाळ म्हणजे एडसेल. १९१९ मध्ये तो कंपनीचा अध्यक्ष झाला. परंतु वडिलांनी त्याचे निर्णय वारंवार उलटवले. बिघडलेले यंत्र पुनःपुन्हा उघडून जुळवण्याचा संयम फोर्ड यांच्यापाशी अमाप होता. मुलाच्या बाबतीत तो त्यांना साधला नाही. १९४३ मध्ये अवघ्या ४९ व्या वर्षी एडसेल गेला आणि ती दुरुस्ती कायमची राहून गेली.

७ एप्रिल १९४७ रोजी, रूज नदीच्या पुरामुळे घरची वीज गेलेली असताना, मेणबत्त्या आणि रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात फोर्ड यांनी शेवटचा श्वास घेतला. क्लारा शेजारीच होत्या. सिंकवरचे ते इंजिन डिअरबॉर्नच्या संग्रहालयात जतन केलेले आहे. देशोदेशीचे हौशी कारागीर आपापल्या घरगुती वर्कशॉपमध्ये त्याच्या प्रतिकृती बनवतात. त्यांचेही इंजिन पहिल्या प्रयत्नात बहुधा खोकते आणि थांबते. मग पुन्हा जुळवाजुळव सुरू होते.