वतनापासून दूर : अब्दुल्लाह यूसुफ अली

पुण्यातील कितीतरी मुस्लिम घरांत दिव्य कुरआनचा एक जाड इंग्रजी अनुवाद कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेला असतो. मूळ अरबी मजकूर, शेजारी भाषांतर आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांतील टिपा. मुलगा दुबईला, रियाधला किंवा लंडनला निघाला की आई हाच ग्रंथ कापडात गुंडाळून त्याच्या सामानात ठेवते. आपल्या शहरात येमेन, सुदान, इराणहून शिकायला आलेली मुलेही आपण पाहतो. पहिल्या रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी ती एकाएकी गप्प होतात. ज्या माणसाने हा अनुवाद केला, त्याचे आयुष्यही अशाच परकेपणात गेले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

अब्दुल्लाह यूसुफ अली यांचा जन्म १८७२ सालचा. कुटुंब मूळचे दाऊदी बोहरा. वडिलांनी जमातीचा परंपरागत व्यापार सोडून पोलीस खात्यात नोकरी धरली आणि निवृत्तीनंतर त्यांना खानबहादूर ही पदवी मिळाली. यूसुफ अली यांचे शिक्षण मुंबईत अंजुमनच्या शाळेत आणि पुढे विल्सन कॉलेजात झाले. परंतु त्यांची खरी पहिली शाळा घरातच होती. वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी ते वडिलांकडून कुरआनची अरबी अक्षरे वाचावयास शिकले. त्या वयात झालेल्या खत्मच्या समारंभाची अंधूक आठवण त्यांनी साठी ओलांडल्यावर, अनुवादाच्या प्रस्तावनेत, कृतज्ञतेने नोंदवली आहे. वडिलांनी आपल्याला केवळ भाषा दिली नाही, तर त्या वाणीविषयीची ओढ आपल्या अंतःकरणात रुजवली, असा तिचा आशय आहे.

१८९१ च्या आरंभी ते मुंबई विद्यापीठाची बी.ए. परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात कायदा शिकण्यासाठी रवाना झाले. त्याच वर्षी त्यांच्या वडिलांचे निधन झाले. मशीद म्हणून बांधलेली इमारत तेव्हा इंग्लंडात एकच होती, भोपाळच्या शाहजहान बेगम यांच्या नावाची, वोकिंग येथील. तिला अवघी दोन वर्षे झाली होती. एकोणीस वर्षांचा हा तरुण पित्याचे छत्र हरपलेला आणि वतनापासून हजारो मैल दूर होता.

येथे थोडे थांबून मदीनेकडे पाहू. मक्का सोडून आलेल्या मुहाजिरांना तेथील हवा मानवली नाही. आदरणीय अबूबकर (रजि.) आणि आदरणीय बिलाल (रजि.) तापाने फणफणले. ताप उतरला की बिलाल (रजि.) मोठ्याने काव्य म्हणत. त्यात मक्केच्या खोऱ्यातील सुगंधी गवत होते, एका झऱ्याचे पाणी होते, दोन डोंगरांची नावे होती. ज्या मक्केत त्यांना तापल्या वाळूवर निजवून छातीवर दगड ठेवला गेला, तिचीच ही आठवण होती. माननीय आयशा (रजि.) यांनी ही अवस्था प्रेषित मुहम्मद (स.) यांना सांगितली. त्यांनी कोणालाही दोष दिला नाही, ईमान कमी पडले असेही म्हटले नाही. मदीना आम्हांला मक्केइतकीच, किंबहुना अधिक, प्रिय कर, अशी दुआ त्यांनी अल्लाहजवळ मागितली. परदेशातून फोनवर रडणाऱ्या मुलाला कणखर होण्याचा उपदेश करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

यूसुफ अली यांना मात्र त्यांची मदीना गवसली नाही. १८९५ मध्ये ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये दाखल होऊन परतले आणि सहारनपूरला रुजू झाले. १९०० मध्ये त्यांनी इंग्लंडात एका इंग्रज तरुणीशी विवाह केला. तीन मुलगे आणि एक मुलगी झाली; पण पत्नी व मुले इंग्लंडात आणि ते नोकरीसाठी हिंदुस्थानात, असा संसार चालला. १९१२ मध्ये घटस्फोट झाला. मुलांचा ताबा पित्याकडे आला, परंतु मुलांनी पित्याला आपले मानले नाही. १९२० चा दुसरा विवाहही टिकला नाही. पुढे लंडनला गेल्यावर ते मुलांच्या घरी नव्हे, नॅशनल लिबरल क्लबात उतरत.

पहिल्या महायुद्धात त्यांनी तुर्कस्तानविरुद्ध लढणाऱ्या ब्रिटिश सरकारची बाजू हिरिरीने मांडली. हिंदुस्थानातील असंख्य मुस्लिमांची मने तेव्हा खिलाफतीसाठी व्याकूळ होती. हा त्यांच्या चरित्रातील खटकणारा भाग आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. इंग्रजांनी मानसन्मान दिले, पण आपला म्हणून घरात घेतले नाही. इकडे स्वकीयांशी अंतर वाढत गेले.

या एकाकीपणातच अनुवादाचे काम आकाराला आले. एका वैयक्तिक दुःखाने आपले मानसिक संतुलन ढळण्याच्या बेतात होते आणि जगणे निरर्थक वाटू लागले होते, तेव्हा या कामाने आशा दिली, अशी कबुली त्यांनी प्रस्तावनेत दिली आहे. दुःखाचा तपशील त्यांनी दिला नाही. हस्तलिखित ते गुप्त ठेव्याप्रमाणे सांभाळीत आणि देशोदेशी सोबत नेत. लाहोरच्या इस्लामिया कॉलेजाचे प्राचार्यपद त्यांनी दोनदा सांभाळले. त्याच शहरात १९३४ पासून हा अनुवाद भागाभागाने प्रसिद्ध झाला. टिपांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. त्यांतील काही विवेचनांशी उलेमांचे मतभेद आहेत व पुढील आवृत्त्यांत फेरफारही झाले. तरीही बालपणी बापाजवळ बसून ऐकलेली वाणी परक्या मुलखात पुन्हा पुन्हा उघडून बसणारा एक माणूस त्या टिपांमागे जाणवत राहतो.

डिसेंबर १९३८ मध्ये ते कॅनडातील एडमंटन येथे होते. तेथील मूठभर मुस्लिमांनी, ज्यांत लेबनॉनकडून आलेली कुटुंबे बरीच होती, वर्गणी जमवून अल-रशीद मशीद उभारली होती. वर्गणी गोळा करण्यात स्त्रियांचा पुढाकार होता. त्या बर्फाळ गावात वतनापासून तुटलेल्या या लोकांनी नमाजसाठी एकत्र येण्याची जागा निर्माण केली आणि तिचे उद्घाटन यूसुफ अली यांच्या हस्ते झाले. त्या लोकांनी जे साधले, ते या विद्वान पाहुण्याला जन्मभर साधले नव्हते. त्यांच्याजवळ ग्रंथ होता, परंतु रोज खांद्याला खांदा लावून उभी राहणारी, न दिसल्यास चौकशी करणारी जमात नव्हती. केवळ ग्रंथाने माणसाची माणसाची भूक भागत नाही, असे या जीवनाकडे पाहून म्हणावेसे वाटते.

अखेरचे दिवस लंडनमध्येच गेले. स्मृती साथ देईनाशी झाली होती. रस्त्यांवर ते गोंधळल्यासारखे भटकत. ९ डिसेंबर १९५३ रोजी वेस्टमिन्स्टर भागात एका घराबाहेर पोलिसांना ते निराधार अवस्थेत आढळले. रुग्णालयातून दुसऱ्या दिवशी त्यांना वृद्धाश्रमात नेण्यात आले. त्याच दिवशी हृदयविकाराचा झटका आला आणि फुलहॅमच्या सेंट स्टीफन्स रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. जवळ कोणीही नव्हते. मय्यत ताब्यात घ्यायलाही कोणी नातलग आला नाही. पाकिस्तानच्या उच्चायुक्तालयात ते परिचित होते. त्यांनीच दफनविधीची व्यवस्था केली.

वोकिंगजवळच्या ब्रुकवुड कब्रस्तानात, मुस्लिमांसाठी राखलेल्या भागात, त्यांची कबर आहे. याच कब्रस्तानात कुरआनचे दुसरे इंग्रजी अनुवादक मार्माड्यूक पिक्थॉल यांनाही १९३६ मध्ये दफन करण्यात आले होते. पिक्थॉल जन्माने इंग्रज. मुंबईत वृत्तपत्राचे संपादन करून आणि हैदराबादेत अनेक वर्षे काढून ते शेवटी मायदेशी परतले होते.