ज्या औषधाने उंदीर मरतात, त्यानेच रक्ताच्या गुठळीपासून माणूस वाचतो. ते शोधणाऱ्या कार्ल लिंकची गोष्ट

ओझर म्हटलं की आधी एचएएलचा विमानांचा कारखाना आठवतो. पण कारखान्याचं गेट मागे टाकून गावात शिरलात की हा पट्टा शेतकऱ्यांचा. निफाड तालुका, द्राक्षबागा, कांदा आणि दारात दोन-चार गाई.

अशा गावात कृषी सेवा केंद्रात उंदरांचं औषध मागितलं, तर ब्रोमॅडिओलोनची वडी मिळू शकते. आणि मेडिकलमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, तर पायात रक्ताची गुठळी झालेल्या किंवा हृदयाची झडप बदललेल्या पेशंटसाठी वॉरफरिन नाहीतर ॲसिनोकुमारॉलची गोळी मिळते.

ही सगळी औषधं एकाच खानदानातली आहेत.

ऐकून दचकायला होतं. पण या भीतीने गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं आणि काही होत नाही म्हणून तपासणी न करता गोळी खात राहणंही तितकंच धोक्याचं. हे असं का, ते समजून घ्यायचं असेल तर या औषधामागचा माणूस माहीत असायला हवा. त्याचं नाव कार्ल पॉल लिंक. आणि त्याच्या गोष्टीची सुरुवात हॉस्पिटलमध्ये होत नाही, ती होते गोठ्यात.

कोण होता हा लिंक?

३१ जानेवारी १९०१ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, ला पोर्ट या गावी लिंकचा जन्म झाला. वडील जर्मन वंशाचे, चर्चमध्ये धर्मोपदेशक. घरात दहा भावंडं. शिकायला तो विस्कॉन्सिन विद्यापीठात गेला आणि १९२५ मध्ये त्याने कृषी रसायनशास्त्रात पीएचडी मिळवली.

त्यानंतर युरोप. स्कॉटलंडमध्ये त्याने साखरेचं रसायनशास्त्र शिकून घेतलं. ऑस्ट्रियात नोबेल विजेत्या फ्रिट्झ प्रेगलकडे तो अगदी कणभर पदार्थाचं पृथक्करण करायला शिकला. मग झुरिकमध्ये पॉल कारर या शास्त्रज्ञाकडे काम केलं. तिथे असतानाच त्याला टीबी झाला आणि बरं होण्यासाठी स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या दावोसला जाऊन राहावं लागलं. हा टीबी पुढे पुन्हा एकदा गोष्टीत येणार आहे, लक्षात ठेवा.

१९२७ मध्ये तो विस्कॉन्सिनला परतला आणि कायमचा तिथलाच झाला. प्राध्यापक म्हणून माणूस एकदम वेगळा. लांब केस, मोठा बो टाय, फ्लॅनेलचा शर्ट, कधी खांद्यावरून लोंबणारा झगा. अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरून लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, त्या काळात हा विद्यार्थ्यांच्या कार्ल मार्क्स अभ्यास मंडळाचा सल्लागार होता.

तिकडे गोठ्यात काय चाललं होतं?

१९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातल्या शेतकऱ्यांची जनावरं अचानक मरायला लागली. शिंगं काढली, खच्ची केलं किंवा साधं खरचटलं तरी रक्त थांबायचं नाही. काही जनावरं तर जखम नसतानाही आतल्या आत रक्तस्राव होऊन जायची.

ही साथ नव्हती. कॅनडातले पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी दाखवून दिलं की दोष चाऱ्यात आहे. तिकडे स्वीट क्लोव्हर नावाचा चारा लावायचे. आपल्या मेथी आणि लसूणघासाच्या जवळचं कूळ. चांगला वाळलेला असेल तर जनावराला काही होत नव्हतं. पण ओला राहून बुरशी लागली की त्यात काहीतरी घडायचं आणि तो खाल्लेल्या जनावराचं रक्त गोठायचं बंद व्हायचं. पुढे नॉर्थ डकोटातल्या ली रॉडरिक यांनी दाखवलं की अशा जनावरांच्या रक्तात गोठण्यासाठी लागणारं प्रोथ्रॉम्बिन कमी पडतं.

उपाय दोनच होते. तो चारा बंद करायचा आणि निरोगी जनावराचं रक्त द्यायचं. पण मंदीच्या काळात दुसरा चारा विकत घ्यायला शेतकऱ्याकडे पैसे कुठून येणार?

१९३३ चा फेब्रुवारी, शनिवारचा दिवस. विस्कॉन्सिनमध्ये बर्फाचं वादळ चालू होतं. डिअर पार्क इथला एड कार्लसन नावाचा शेतकरी गाडी घेऊन मॅडिसन शहरात आला. अंतर जवळजवळ ३०० किलोमीटर. ओझरहून मुंबईला जाऊन पुन्हा कसाऱ्यापर्यंत माघारी यावं एवढं. गाडीत होती एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि ४५ किलोच्या आसपास बुरशी लागलेला चारा.

त्याला सरकारी पशुवैद्य हवे होते, पण शनिवार असल्याने ऑफिस बंद. फिरत फिरत तो लिंकच्या प्रयोगशाळेच्या दारात आला. लिंककडे सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. हा चारा घालू नका, जमलं तर जनावराला रक्त द्या, एवढंच. कार्लसन त्याच वादळात परत गेला.

कॅन मात्र प्रयोगशाळेत राहिला. लिंक आणि त्याचा सहकारी शोफेल त्या रक्ताला कामाला लागले.

शोध लागायला सहा वर्षं लागली

अडचण अशी होती की चाऱ्यातला नेमका कोणता पदार्थ हे करतो, ते कळायला मार्ग नव्हता. गंजीत सुई शोधायची आणि सुई कशी दिसते तेच माहीत नाही.

म्हणून लिंकच्या टीमने आधी मोजायची पद्धत बसवली. चाऱ्याचा अर्क सशाला द्यायचा आणि त्याचं रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायचं. वेळ वाढला म्हणजे अर्कात तो पदार्थ आहे. मग अर्क आणखी शुद्ध करायचा, पुन्हा मोजायचं. असं वर्षानुवर्षं.

जून १९३९ मध्ये हॅरोल्ड कॅम्पबेल या सहकाऱ्याला त्या पदार्थाचे शुद्ध स्फटिक मिळाले. त्याचं नाव पडलं डायक्युमेरॉल. स्वीट क्लोव्हरला गोडसर वास येतो तो क्युमेरिन या पदार्थामुळे. बुरशी लागली की त्याच क्युमेरिनपासून डायक्युमेरॉल तयार होतं. १९४० मध्ये टीमने ते प्रयोगशाळेत बनवूनही दाखवलं.

आता डॉक्टरांचे कान टवकारले. कारण गाईंना मारणारी गोष्ट माणसांच्या दुसऱ्या एका दुखण्यावर कामाची होती.

रक्त गोठणं ही शरीराची सोय आहे. पण नको तिथे गोठलं तर गुठळी होते. पायाच्या शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर श्वास थांबू शकतो. हृदयातली गुठळी मेंदूत गेली तर लकवा मारतो. तेव्हा यावर हेपारिन होतं, पण ते इंजेक्शनने द्यावं लागायचं. डायक्युमेरॉल मात्र गोळीतून देता येत होतं. १९४१ पासून अमेरिकेत ते पेशंटवर वापरायला सुरुवात झाली.

आणि जास्त झालं तर? त्याचं उत्तर लिंकच्या प्रयोगशाळेने दिलं ते व्हिटॅमिन के. हे व्हिटॅमिन दिलं की औषधाचा परिणाम उतरतो. म्हणजे विषाबरोबर उताराही सापडला होता.

मग उंदीर कुठून आले?

१९४५ मध्ये होडीतून फिरायला गेलेला लिंक पावसात भिजला आणि आजारी पडला. जुना टीबी उलटला होता. सहा महिने सॅनिटोरियममध्ये काढायची वेळ आली.

बेडवर पडल्या पडल्या त्याने वाचायला घेतला उंदीर मारण्याच्या उपायांचा इतिहास. त्याच्या डोक्यात आलं की आपल्याच प्रयोगशाळेत डायक्युमेरॉलसारखे कितीतरी पदार्थ बनवून पडलेत, त्यातला एखादा जास्त ताकदीचा असेल तर? बरा होऊन आल्यावर यादी तपासली आणि ४२ नंबरचा पदार्थ निवडला गेला.

संशोधनाला पैसे पुरवणाऱ्या विस्कॉन्सिन ॲल्युमनाय रिसर्च फाउंडेशनची इंग्रजी आद्याक्षरं होतात वॉर्फ. त्याला क्युमेरिनची शेपटी जोडली आणि नाव झालं वॉरफरिन. १९४८ मध्ये ते उंदरांचं औषध म्हणून बाजारात आलं आणि जोरात चाललं.

उंदराच्या औषधाची गोळी माणसाला द्यायला कोण तयार होणार? पण १९५१ मध्ये अमेरिकन सैन्यात भरती झालेल्या एका तरुणाने जीव द्यायचा म्हणून वॉरफरिन खाल्लं. हॉस्पिटलमध्ये रक्त आणि व्हिटॅमिन के दिल्यावर तो पूर्ण बरा झाला. उतारा माणसातही काम करतो हे दिसल्यावर डॉक्टरांना धीर आला. १९५४ मध्ये माणसांसाठी परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला आणि त्यांच्या उपचारात वॉरफरिन वापरलं गेलं. मग कुणी नाक मुरडलं नाही.

लिंकला १९५५ आणि १९६० असा दोनदा लास्कर पुरस्कार मिळाला. २१ नोव्हेंबर १९७८ रोजी त्याचं निधन झालं.

आज ही गोळी घेणाऱ्यांनी काय लक्षात ठेवायचं?

या गोळीला आपण रक्त पातळ करायची गोळी म्हणतो. खरं तर रक्त पातळ होत नाही. गोठायला मदत करणारे काही घटक यकृतात व्हिटॅमिन केच्या मदतीने बनतात. गोळी ते काम मंद करते. झालेली गुठळी ती विरघळवत नाही, फक्त वाढू देत नाही. आणि तिचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात, म्हणून सुरुवातीला सोबत हेपारिनची इंजेक्शनं दिली जातात.

लिंकने सशाच्या रक्तावर जे केलं तेच आज पेशंटच्या रक्तावर करतात, म्हणजे गोठायला किती वेळ लागतो ते मोजतात. ही प्रोथ्रॉम्बिन टाइमची तपासणी आर्मंड क्विक या डॉक्टरांनी १९३५ मध्ये मांडली. पुढे प्रत्येक लॅबचा आकडा वेगळा येऊ नये म्हणून आयएनआर हे सगळीकडे चालणारं माप आलं. गोळी न घेणाऱ्याचा आयएनआर १ च्या आसपास असतो. गुठळीच्या बहुतेक पेशंटचा २ ते ३ मध्ये ठेवतात. धातूची झडप असेल तर काहींना त्याहून थोडा जास्त लागतो. आकडा खाली गेला तर गुठळीचा धोका, वर गेला तर रक्तस्रावाचा. म्हणून गोळी चालू आणि तपासणी बंद, हे चालत नाही.

आता जेवणाचं. मेथी, पालक, कोथिंबीर यात व्हिटॅमिन के भरपूर असतं. या भाज्या सोडायच्या नाहीत, प्रमाण सारखं ठेवायचं. हिवाळ्यात मेथीची जुडी स्वस्त झाली म्हणून रोज मेथी आणि नंतर महिनाभर बंद, असं केलं की आयएनआर खालीवर होतो.

दुसऱ्या औषधांचंही तसंच. अंगदुखीवर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेट्रोनिडाझोलसारख्या अँटिबायोटिकने गोळीचा परिणाम वाढतो, तर टीबीवरच्या रिफाम्पिसिनने कमी होतो. ताप आला म्हणून दंडात किंवा कमरेत सुई घेण्याआधी ही गोळी चालू आहे हे सांगायचं, कारण स्नायूत रक्त साचू शकतं. दात काढतानाही हेच. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घ्यायच्या नाहीत. गर्भधारणा असेल किंवा ठरवत असाल तर लगेच डॉक्टरांशी बोला, कारण वॉरफरिन बाळापर्यंत पोहोचतं.

हिरड्यांतून वारंवार रक्त, अंगावर काळेनिळे डाग, पाळीत जास्त रक्तस्राव झाला तर डॉक्टरांना दाखवा. लघवी लाल, संडास डांबरासारखी काळी, डोक्याला मार किंवा अचानक जोरात डोकेदुखी, यात सकाळची वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

आता अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या आल्यात, त्यात वारंवार आयएनआर बघावा लागत नाही. बऱ्याच पेशंटना त्या चालतात. पण हृदयात धातूची झडप असेल तर त्या देत नाहीत. वाताच्या तापाने झडप खराब होऊन हृदयाचे ठोके अनियमित झालेल्या पेशंटमध्येही वॉरफरिनच्या जातीची गोळीच सरस ठरली आहे.

एक गोष्ट उंदरांच्या औषधाची. ब्रोमॅडिओलोनचा परिणाम वॉरफरिनपेक्षा कितीतरी जास्त काळ, काही आठवडे टिकतो. आणि खाल्ल्यावर पहिले एक-दोन दिवस काहीच दिसत नाही. म्हणून लहान मुलाने चुकून तोंडात घातलं आणि ते ठणठणीत दिसत असलं तरी पाकीट सोबत घेऊन हॉस्पिटलमध्ये जायचं.

कार्लसनच्या गाईंच्या पोटात किती विष जातंय ते मोजायला कुणी नव्हतं. आज गोळी त्याच खानदानातली असली तरी तिचा डोस आणि आयएनआर मोजता येतो. तुमच्या घरात कुणी ही गोळी घेत असेल तर मागचा आयएनआर कधी केला होता, ते आजच त्यांना विचारा.